वजा दहा

बुधवार, ३

ही वही मला शाळेने दिली आहे. मला, मुलीला नव्हे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेतून गृहपाठ मिळण्याचा मान सगळ्यांच्या नशिबात नसतो.

आज पालकसभा होती. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता, ‘अपयश पचवणारी मुलं आणि आपण’. समुपदेशक बाई इतक्या मऊ आवाजात बोलतात की ऐकणाऱ्याला आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटायला लागतं. त्यांचं म्हणणं असं, की मुलांच्या मनाविरुद्ध शाळेत काही घडलं की पालकांनी मध्ये पडू नये. मुलं रडतात, चिडतात आणि मग आपापला मार्ग काढतात. शाळेला फोन करावासा वाटला तर आधी या वहीत लिहायचं. लिहूनही वाटलं तर एक दिवस थांबायचं, आणि मग परत लिहायचं. थोडक्यात, फोन करायचा नाही, पण शाई संपवायची.

वह्या सगळ्यांना वाटल्या. माझ्यापाशी आल्यावर बाई म्हणाल्या, “तुम्हाला दोन देऊ का?” सगळे हसले. मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मात्र मला कळलं नाही.

मी मोजणीदार आहे. लोकांच्या जमिनी, रस्ते, कुंपणं मोजतो. चूक दिसली की ती दाखवायची, हा माझा धंदा आहे. गेल्या वर्षी मुलीचा विज्ञानात अर्धा गुण कापला गेला, तो मी परत आणला. तिचं चित्र प्रदर्शनात दाराच्या मागे लावलं होतं, ते समोर लावून घेतलं. याला हे लोक मध्ये पडणं म्हणतात. वर्षभरात मी शाळेत जेमतेम सहा वेळा गेलो असेन. बायको म्हणते नऊ. ती फाटकावरच्या चकमकीही धरते.

शनिवार, ६

आंतरशालेय स्पर्धेसाठी लांब उडीची निवड झाली. मुलींमधून तिघींना घेणार होते. आमची लेक चौथी.

ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्यात पायच जास्त आहेत, म्हणून घरात तिला नाकतोडा म्हणतात. नाकतोड्याने उडीत चौथं यावं? तिसरी आली ती तिच्याच बाकावरची मैत्रीण, जिला अख्खा वर्ग गोटी म्हणतो. नावावरून आकार समजावा. गोटीची उडी तीन मीटर एकेचाळीस, आमची तीन मीटर एकोणचाळीस. दोन सेंटिमीटर! जमिनीच्या मोजणीत दोन सेंटिमीटरवरून लोकांनी आयुष्यभराचा अबोला धरलेला मी पाहिला आहे.

जेवताना तिने सांगितलं, “मी चौथी आले.” आणि लगेच, “पाणी दे.”

मी विचारलं, “मोजलं कोणी?”

“शिट्टीबाईंनी.” म्हणजे खेळाच्या बाई. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, बहुतेक झोपतानाही.

“कशाने मोजलं?”

“बाबा, टेपने.” एवढं बोलून ती उठली.

रडली नाही. हे लक्षण मला अजिबात बरं वाटत नाही. आत दाबून ठेवलेलं दुःख किती घातक असतं, हे मी कुठेतरी वाचलं आहे. नंतर न्हाणीघराचा नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्यावर मी तिला पाणी वाया घालवण्याबद्दल चार शब्द सांगितले. बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी पाचवा शब्द गिळला.

फोन केलेला नाही. वहीत लिहिलं आहे. समुपदेशक बाईंनी नोंद घ्यावी.

रविवार, ७

फोन केलेला नाही.

बुधवार, १०

काळजीचं कारण वाढलं आहे. मुलगी सोमवारपासून पाऊण तास लवकर घराबाहेर पडते. एरवी हिला उठवायला तीन माणसं लागतात. कुठे जातेस विचारलं तर म्हणते, “शाळेत. काम आहे.” अकरा वर्षांच्या मुलीला सकाळी साडेसहाला कसलं काम असतं?

आज तिचे बूट उचलले तर त्यातून मूठभर वाळू पडली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोर रोज त्या उडीच्या खड्ड्यापाशी एकटी जाऊन बसते! जिथे हरली, तिथेच. शिवाय जेवण दुप्पट झालं आहे. दुःखात माणसं खातात.

हे सगळं बायकोला सांगितलं. ती रुग्णालयात प्लास्टर घालण्याचं काम करते, त्यामुळे तिची सगळी उत्तरं हाडांतून येतात. “हाड आपलं आपण जुळतं,” ती म्हणाली. “आपलं काम एवढंच, की त्याला हलवायचं नाही.”

“आणि वाकडं जुळलं तर?”

“सारखं उघडून बघितलं, तर वाकडंच जुळतं.”

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. माणसाचं मन म्हणजे नडगी नव्हे.

शुक्रवार, १२

आज कामावर एका गोदामाची हद्द मोजत होतो. काठी धरून समोर माझे सहायक उभे होते. तीस वर्षं त्यांनी काठी धरली आहे, म्हणून सगळे त्यांना काठीकाका म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांना मी उडीचा किस्सा सांगितला आणि माझा संशयही सांगितला, की मोजणीतच घोळ असणार. शाळेतल्या टेपा म्हणजे काय असतात? उन्हात ताणलेल्या, गाठी मारलेल्या, कोणीतरी चावलेल्या.

काठीकाकांनी विचार केला. “पण साहेब, टेप सगळ्या पोरींना एकच होती ना?”

“मग?”

“मग चुकली असेल तर सगळ्यांची सारखीच चुकली. नंबर कसा बदलेल?”

तीस वर्षं काठी धरून माणूस फार सरळ विचार करायला लागतो. मी त्यांना समजावलं, की मुद्दा नंबराचा नाही, मुद्दा तत्त्वाचा आहे. त्यांनी फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली.

रविवार, १४

मी शाळेला फोन केलेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. मी शाळेत गेलो. सुट्टीच्या दिवशी मैदान सगळ्यांना खुलं असतं. काठीकाका आपखुशीने आले. म्हणजे मी त्यांना घरून उचललं.

मोजणीचं यंत्र तिवईवर लावलं, तेव्हा पहारेकऱ्याला वाटलं शाळा विकायला काढली. त्याला चहा पाजून शांत केलं. मग मी खड्ड्याची लांबी, रुंदी, वाळूची पातळी आणि उडी घेण्याच्या फळीचा कोन अशी सगळी मापं घेतली. फळी चार मिलिमीटर तिरकी आहे. वाळू डावीकडे उतरती आहे. अशा परिस्थितीत पोरी उड्या मारतात आणि कोणाला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि मग घबाड मिळालं. खेळाच्या सामानाची पेटी ओट्यावरच होती, तिला कुलूपही नव्हतं. आत टेप होती आणि तिचं टोक तुटलेलं होतं! पहिले दहा सेंटिमीटर गायब. टेप सुरू होते तीच दहाच्या आकड्यापासून. म्हणजे प्रत्येक उडी दहा सेंटिमीटरने जास्त लिहिली गेली आहे. मी उड्याच मारायचा बाकी होतो.

काठीकाका म्हणाले, “साहेब, त्या बाईंना एकदा विचारून घ्या की, त्या कसं मोजतात.”

मोजणीदार माणसांना विचारत नाही, तो मोजतो. माणसं काहीही सांगतात. हे मी त्यांना वीस वर्षांत शिकवू शकलो नाही.

सोमवार, १५

अहवाल मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवून आलो. सात पानं आणि एक नकाशा. नकाशावर उत्तर दिशा दाखवली आहे. उडीला उत्तर दिशा लागत नाही, पण नकाशाला लागते. आमच्या मुलीचं नाव कुठेही घातलेलं नाही, त्यामुळे हे मध्ये पडणं होत नाही. एक जागरूक नागरिक म्हणून फेरनिवडीची मागणी केली आहे. खाली ‘प्रत माहितीसाठी: स्पर्धेचे आयोजक’ असंही लिहिलं, कारण त्याशिवाय कागद हलत नाही.

मुख्याध्यापिका पानं चाळताना पांढऱ्या पडल्या. शिट्टीबाई मोठ्या मुलांच्या सामन्यांसाठी दोन दिवस बाहेर आहेत. बरंच झालं, उगाच वाद झाला असता.

मुलीला सांगितलेलं नाही. आश्चर्याचा गोड धक्का देईन.

बुधवार, १७

धक्का बसला. गोड नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली आणि दप्तर न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, तू आमचं मैदान मोजलंस?”

मी म्हटलं, हो. जरा अभिमानानेच म्हटलं, आता लपवत नाही.

“टेप दहा सेंटिमीटर तुटकी आहे असं लिहिलंस?”

“तुटकीच आहे.”

“आम्हाला माहितीये!” ती ओरडली. ही पोर ओरडू शकते हे मी विसरलो होतो. “सगळ्या शाळेला माहितीये! ती दोन वर्षांपासून तुटकी आहे. बाई आकडा वाचतात आणि आम्ही सगळे मिळून ओरडतो, ‘वजा दहा!’ मग बाई वजा करून लिहितात. दर उडीला. पहिलीतली पोरंसुद्धा ओरडतात!”

मी खुर्चीत बसलो.

पुढचं तिने एका दमात सांगितलं. मुख्याध्यापिका घाबरल्या. आयोजकांना प्रत गेली म्हटल्यावर त्यांनी शिट्टीबाईंची वाट न बघता सगळ्यांच्या उडीतून आणखी दहा सेंटिमीटर कापले. स्पर्धेसाठी कमीत कमी तीन पस्तीस लागतात. गोटी एकेचाळीसवरून आली एकतिसावर, म्हणजे बाद. आता शाळेतून तिघींऐवजी दोघीच जाणार.

“आणि फेरनिवड?” मी विचारलं.

“ती होणारच होती, बाबा. येत्या शनिवारी. मी बाईंना विचारलं होतं, फरक इतका थोडा आहे तर आम्ही दोघी परत एकदा उडी मारू का? गोटीला पण विचारलं. ती हो म्हणाली. बाई म्हणाल्या, दोन आठवडे सराव करा, मग बघू. आम्ही रोज सकाळी दोघी मिळून सराव करत होतो. आता मुख्याध्यापिका म्हणतात, शनिवार रद्द, कोणी त्या खड्ड्याकडे फिरकायचं नाही.”

बुटातली वाळू आणि दुप्पट जेवण. मी इतका मोठा गाढव आहे, हे या वहीखेरीज कुठे लिहिण्याची माझी तयारी नाही.

मी लगेच उठलो. म्हटलं, आत्ता जातो, मुख्याध्यापिकांच्या घरी जातो, समजावतो, आयोजकांनाही—

“नाही!” ती दारात आडवी उभी राहिली. “तू काही समजावायचं नाहीस. तू चुकीचं लिहिलंस, तेवढं चूक म्हणून लिहून दे. बाकी मी आणि गोटी बघतो.”

“तुम्ही दोघी काय बघणार?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर परवडलं असतं. पण ती थकलेली दिसत होती, म्हातारं माणूस थकतं तशी. “बाबा,” ती म्हणाली, “माझं जमलं होतं.”

आणि खोलीत निघून गेली. मला वाईट वाटलं. याहून चांगला शब्द सुचत नाही. फार वाईट वाटलं.

गुरुवार, १८

सात पानं लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती. आज पहाटे उठून चार ओळी लिहायला दोन तास लागले. पहिल्या मसुद्यात ‘उपलब्ध माहितीच्या मर्यादेत’ असं आलं होतं. बायकोने खोडलं. दुसऱ्यात ‘तांत्रिकदृष्ट्या टेप तुटकीच असली तरी’ आलं. तेही तिने खोडलं. शेवटी उरलं ते असं: ‘माझा अहवाल चुकीचा आहे. बाई दहा वजा करतात, हे मी कोणाला विचारलं नाही. नोंदवहीतल्या उड्या बरोबर आहेत. मी अहवाल मागे घेतो.’ वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीचा इतका लहान कागद कुठे गेलेला नाही.

दोन प्रती काढल्या. एक आयोजकांच्या कचेरीसाठी बाजूला ठेवली, ती दुपारी देऊन आलो. दुसरी घेऊन शाळा भरायच्या आधी मुख्याध्यापिकांकडे गेलो. दाराबाहेर बाकावर नाकतोडा आणि गोटी बसल्या होत्या, आत बोलावण्याची वाट बघत. गोटी मला बघून जागची हलली आणि “नमस्कार काका” म्हणाली. हिची जागा मी घालवली होती आणि ही मला नमस्कार करत होती. मी तिला म्हटलं, “चुकलं गं माझं.” ती म्हणाली, “हो.” मुलं किती स्पष्ट बोलतात.

आमची लेक समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा नळ अभ्यासत होती.

मी आत कागद दिला. मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “एवढंच?” आजवर या बाईंनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. फळी खरंच तिरकी आहे. मी म्हटलं, “एवढंच,” आणि बाहेर पडलो. फाटकापाशी उभं राहून खिडकीतून काही दिसतं का बघावं असं वाटलं. पहारेकरी म्हणाला, “साहेब, निघा आता.” इथे माझे हितचिंतक बरेच दिसतात.

शुक्रवार, १९

दोघींचं ऐकलं म्हणे. गोटी परत तिसरी, आणि शनिवारची फेरनिवड होणार. आयोजकांकडे नावं शनिवारी दुपारपर्यंत पाठवायची आहेत. हे मला बायकोकडून कळलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी फक्त ‘मीठ’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलली आहे.

कामावर काठीकाकांना सगळं सांगितलं. मी म्हटलंच होतं, असं ते म्हणतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी मला चहा आणून दिला, आणि ते जास्त लागलं.

संध्याकाळी मुलीच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. “उद्या येऊ का? लांब उभा राहीन. तोंड उघडणार नाही.”

“नको.”

“बरं.”

‘बरं’ म्हणून तिथून पाय काढणं मला आजवर कधी जमलं नव्हतं.

शनिवार, २०

फेरनिवड सकाळी नऊला होती. बायकोची आज ड्युटी होती. मी घरी एकटा. नऊ वाजता भांडी घासली. साडेनऊला घासलेली भांडी परत घासली. शाळा घरापासून सातशे चाळीस मीटरवर आहे, पायी नऊ मिनिटं, भराभर चाललं तर सहा. गेलो नाही. हे वाक्य दिसतं लहान, पण मला ते फार अवघड गेलं.

सव्वादहाला ती आली. दारातच गुडघ्यांना वाळू लागलेली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो, हातात फडकं.

“तीन सेहेचाळीस,” ती म्हणाली.

सात सेंटिमीटरने वाढली! मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“गोटीने तीन एकोणपन्नास मारली. ती गेली.”

तीन सेंटिमीटर. माझ्या डोक्यात फळी आली, तिचा कोन आला, वाळूचा डावा उतार आला. आधी कोणी उडी मारली? वारा कुठून होता? हे सगळे प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. मी त्यांना आत ढकललं आणि फडकं घडी करत राहिलो.

ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ.

“काही बोलणार नाहीस?”

“पाणी देऊ?”

“नको.” ती तिथेच जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून. मग मीही फडकं ठेवून तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

“तू बूट नाही घालणार?”

“कशाला?”

“मी रडायला लागले की तू बूट घालतोस,” ती म्हणाली. “नेहमी. बालवाडीपासून. मी रडते, तू बूट घालतोस आणि शाळेत जातोस. मग सगळं अजून वाढतं. म्हणून मी तू असताना रडतच नाही.”

मला वाटत होतं की आमची पोर मनाने घट्ट आहे, आणि तिला इतकं घट्ट मीच केलं होतं.

“आज कुठे जाणार नाही,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

मग ती रडली. आधी तोंड वाकडं करून, मग आवाज काढून, मग माझ्या दंडावर डोकं घासत. “मी इतका सराव केला,” म्हणाली. “गोटीला मीच शिकवलं, हात कसे वर घ्यायचे ते,” म्हणाली. “आणि ती जिंकली याचा मला आनंद पण झालाय, म्हणून जास्त राग येतोय,” म्हणाली. मी एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. रुमाल आणायला उठावंसं वाटलं, तेही उठलो नाही. माझी बाही भिजत राहिली.

शेवटी ती आपणहून थांबली. नाक माझ्या बाहीलाच पुसलं, दोन मोठे श्वास घेतले आणि म्हणाली, “भूक लागली.” तिचं रडणं इथवर येऊन असं संपतं, हे मला माहीतच नव्हतं. आजवर मी त्याच्या आधीच घराबाहेर पडलेला असायचो.